दोष एकट्या हवामानाचा नाही

मा. संपादक,
यांस सप्रेम नमस्कार.

विषय : सजीवांचे परस्परसंबंध, उत्क्रांती आणि फवारणीच्या सल्ल्यातील एक उणीव

महोदय,

आपल्या दैनिकाच्या कृषी पानावर द्राक्षबागांतील वाढत्या रोगराईविषयी अलीकडे जो विस्तृत लेख प्रसिद्ध झाला, तो मी आस्थेने वाचला. सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ आणि पलूस या पट्ट्यातील बागायतदार फळछाटणीनंतर येणाऱ्या अवकाळी पावसाने कसा मेटाकुटीला येतो, याचे त्यातील वर्णन यथार्थ आहे. मात्र 'बदलत्या हवामानाशी बुरशीने जुळवून घेतले, म्हणून औषधे निकामी ठरू लागली' अशा आशयाचे जे विधान त्यात आहे, त्यावर जीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक म्हणून लिहिणे मला आवश्यक वाटते. ओलाव्याने आणि ढगाळ हवेने रोग पसरतो हे खरे आहे. पण औषध निकामी होते ते ढगांमुळे नव्हे. ते त्याच औषधाच्या वापरामुळे, म्हणजे आपण वर्षानुवर्षे ज्या रीतीने फवारत आलो त्या रीतीमुळे निकामी होते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की उपाय चुकतो, आणि चुकलेल्या उपायाचा खर्च अखेर बागायतदाराच्याच खात्यावर चढतो.

या गल्लतीचे मूळ 'अनुकूलन' ही कल्पना आपल्याकडे ज्या पद्धतीने शिकवली जाते तिच्यात आहे. उंटाचे गादीदार पाय, ध्रुवीय अस्वलाची फर, निवडुंगाचे काटे ही उदाहरणे पिढ्यान्‌पिढ्या घोकली गेली आणि त्यांतून 'परिस्थिती' म्हणजे ऊन, पाऊस, थंडी व माती हे समीकरण पक्के झाले. निवडुंगाचे काटे पाणी वाचवण्यासाठी असतात एवढे लिहून विद्यार्थी पूर्ण गुण मिळवतात. ते काटे आणखी कशासाठी आहेत हे एखाद्या शेळीला विचारावे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे प्रकरण अगदी पहिले आहे, ही समाधानाची बाब होय, विशेषतः एनसीईआरटीने २०२३ मध्ये आपल्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला आणि त्यावर देशभरातील शास्त्रज्ञांना जाहीर आक्षेप घ्यावा लागला, हे लक्षात घेता. तरीही प्रकरण शिकून झाल्यावर विद्यार्थ्याच्या मनात जे उरते ते हवामानापुरतेच उरते. वास्तविक कोणत्याही सजीवाच्या परिस्थितीचा मोठा हिस्सा हा इतर सजीवांचाच असतो. त्याला खाणारे, त्याने खाल्लेले, त्याच्या अंगावर व आतड्यात राहणारे, त्याच्या उपयोगी पडणारे, आणि या सर्वांहून अधिक जवळचे म्हणजे त्याच्याच जातीचे, तेच अन्न, तीच जागा आणि तोच जोडीदार मागणारे. ऊन आणि पाऊस कोणाकडे पाहून बदलत नाहीत. सजीव शेजारी मात्र उत्तर देतो, आणि त्याच्या उत्तराने आपला प्रश्न बदलतो.

याचा उत्तम पुरावा प्रशांत महासागरातील गॅलापागोस बेटांवर मिळाला. तेथील डॅफ्ने मेजर या निर्मनुष्य, छोट्याशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून काही दशके फिंच या चिमणीसारख्या छोट्या पक्ष्यांची मोजमापे घेतली. १९७७ मध्ये तेथे भीषण दुष्काळ पडला. बारीक, मऊ बिया लवकरच संपल्या आणि उरली ती मोठी, टणक फळे. त्यांत आपल्या माळावरच्या सराट्याच्या, म्हणजे गोखरूच्या, वंशातील एका वनस्पतीची काटेरी फळे प्रमुख होती. मध्यम भूमी-फिंच या जातीतील ज्या पक्ष्यांची चोच जाड व भक्कम होती त्यांनाच ती फोडता आली. जगले ते प्रामुख्याने तेच, आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड झाली. येथपर्यंतची हकिकत पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत बरोबर बसते. परंतु २००४-०५ मध्ये त्याच बेटावर त्याच जातीपुढे पुन्हा दुष्काळ उभा राहिला तेव्हा घडले ते नेमके उलटे : जाड चोचीचे पक्षी मोठ्या संख्येने मेले आणि सरासरी चोच लहान झाली. दुष्काळ तोच, बेट तेच, पक्षीही तेच; मग फरक कशाने पडला? मधल्या काळात, १९८२ च्या सुमारास, थोरला भूमी-फिंच ही दुसरी जात त्या बेटावर येऊन स्थिरावली होती. सराट्याची फळे फोडण्यात ती मध्यम फिंचपेक्षा कितीतरी सरस असल्याने दुष्काळात मोठ्या बियांचा साठा तिने फस्त केला, आणि मध्यम फिंचमधील जाड चोचवाले पक्षी, जे एरवी तगले असते, तेच सर्वाधिक अडचणीत आले. आटपाडी, जत, माण आणि खटाव येथील वाचकांना दुष्काळ म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. त्या दुष्काळात कोणाची चोच कामाची ठरेल, हे मात्र त्या बेटावर पावसापेक्षा शेजाऱ्याने ठरवले.

अशा परस्पर-बदलाला अंत नसतो. हा विचार ली व्हॅन व्हेलेन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये ठामपणे मांडला. त्याचे म्हणणे असे की, भक्ष्य, भक्षक, परजीवी आणि स्पर्धक हे सारेच बदलत असल्यामुळे एखाद्या जातीला केवळ आहे त्या जागी टिकून राहण्यासाठीही सतत बदलत राहावे लागते. आपल्या जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागात हे समजावून सांगणे सोपे आहे. शेजाऱ्याने तीनशे फुटांची बोअर मारली की आपण चारशेची मारतो, मग तो पाचशेची मारतो. खर्च सर्वांचा वाढतो आणि पाणी कोणालाच जास्त मिळत नाही. फरक इतकाच की बोअर मारणारा विचार करून मारतो, आणि निसर्गात विचार करणारे कोणी नसते. एकटी बुरशी जुळवून वगैरे काही घेत नाही. असंख्य बीजाणूंपैकी, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांपैकी, ज्या मोजक्यांत आधीपासूनच योगायोगाने वेगळेपण असते तेवढे वाचतात, बाकीचे मरतात, आणि पुढची पिढी वाचलेल्यांची असते. 'निवड' हा शब्द आपण वापरतो तो एवढ्याच अर्थाने.

आता द्राक्षबागेकडे वळतो. केवड्याचा, म्हणजे आपण ज्याला सर्रास डाऊनी म्हणतो त्या रोगाचा, उगम मुळी आपल्याकडचा नाही आणि युरोपातलाही नाही. तो उत्तर अमेरिकेतला. तेथील रानद्राक्षे आणि हा रोगकारक यांनी अतिदीर्घ काळ एकमेकांच्या सहवासात काढला. त्यामुळे रानद्राक्षाच्या पानावर डाग पडला तरी बहुधा तो तेवढ्यातच आटोपतो, कारण ज्या वेली लगेच कोलमडत होत्या त्यांचा वंश केव्हाच खुंटला. युरोपातील द्राक्षाला मात्र हा शत्रू कधी भेटलाच नव्हता. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्समध्ये दिसला आणि त्याने तेथील बागांची दाणादाण उडवली. त्याच्या आधी, १८६० च्या दशकात, फायलोक्झेरा हा मुळांवरील रस शोषणारा कीटक याच वाटेने तेथे पोहोचला होता आणि अखेर अमेरिकन वेलींच्या खुंटांवर युरोपीय द्राक्षाचे कलम करून युरोपाला आपल्या बागा वाचवाव्या लागल्या. आपले बागायतदारही डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतात, ते क्षार, पाण्याचा ताण आणि सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर जगणारे सूक्ष्म कृमी, यांना तोंड देण्यासाठी. डॉगरिज हा टेक्सासकडील रानद्राक्षांच्या गोतावळ्यातला. म्हणजे आपल्या बागेत जमिनीखाली जी मुळे आहेत त्यांच्यामागे त्या खंडातील कीड, सूत्रकृमी आणि दुष्काळ यांच्याशी झगडण्याचा दीर्घ वारसा आहे; जमिनीच्या वर, जेथे केवडा आणि भुरी (पानांवर पांढरी भुकटी पसरवणारा दुसरा रोग) येते, तेथे जी वेल आहे तिच्यामागे या शत्रूंशी झगडण्याचा तसा काहीच वारसा नाही.

त्यात एक मोठी भर आपणच घातली आहे. थॉमसन सीडलेस घ्या किंवा तिच्यातून निवडलेले आपल्या तासगाव भागातील वाण घ्या. ही सर्व लागवड कलमाने, म्हणजे काडीपासून होते. बागेतील प्रत्येक वेल ही शेजारच्या वेलीची हुबेहूब आनुवंशिक नक्कल असते. नर आणि मादी यांच्या संकरातून जनुकांची जी सरमिसळ दर पिढीला होते ती या वेलींत कित्येक पिढ्या झालेलीच नाही. ही सरमिसळ काय कामाची, हा प्रश्न जीवशास्त्रात जुना आहे, कारण एकट्या मादीने नर न लागता आपल्यासारख्याच माद्या जन्माला घातल्या तर वंश दुप्पट वेगाने वाढावा. त्याचे एक वजनदार उत्तर परजीवींकडे बोट दाखवते. न्यूझीलंडमधील गोड्या पाण्यातील एका गोगलगायीत दोन्ही प्रकार आढळतात, नरासह प्रजनन करणारी आणि नराविना करणारी. आणि कर्टिस लाइव्हली या शास्त्रज्ञाने १९८७ मध्ये दाखवून दिले की ज्या पाण्यात परजीवी कृमींचा उपद्रव अधिक, तेथे नरांचे प्रमाणही अधिक. सारखी बदलत राहणारी संतती शत्रूच्या तावडीत सहजी येत नाही. आपली वेल जागच्या जागी उभी आहे. तिच्या पानावर डाऊनी मात्र अनुकूल हवेत जेमतेम आठवड्याभरात नवी पिढी उभी करतो. पानाच्या वरच्या अंगाला तेलकट, पिवळसर डाग दिसतो आणि पान उलटून पाहिले की त्याच जागी पांढरी मऊ लव दिसते. त्या एका लवेत जितके बीजाणू असतात तितक्या शक्यता असतात. काटेकोर बोलायचे तर हा जीव खरी बुरशी नव्हे, तो तपकिरी शैवालांचा दूरचा नातलग आहे. पण बागेत त्याला सगळे बुरशीच म्हणतात आणि मीही येथे तेच म्हणतो.

वेल उत्तर देऊ शकत नाही म्हणून तिच्या वतीने आपण औषध फवारतो, आणि तेव्हा या झुंजीतील दुसरा पक्ष आपण होतो. स्ट्रोबिल्युरिन वर्गातील औषधे १९९६ च्या सुमारास बाजारात आली. ती रोगकारकाच्या पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या साखळीत एका प्रथिनावर नेमकी एकाच ठिकाणी बसतात आणि श्वसन बंद पाडतात. त्या प्रथिनातील १४३ व्या जागेवरचे ग्लायसीन जाऊन तेथे ॲलॅनीन आले की औषधाला बसायला जागा राहत नाही. एवढा एक बदल पुरतो. तो औषधामुळे निर्माण होत नाही; कोट्यवधी बीजाणूंत तो अधूनमधून होतच असतो आणि औषध नसते तर त्याची कोणाला खबरही लागली नसती. औषध फवारल्यावर मात्र उरलेले सारे मरतात आणि मैदान त्या एकाला मोकळे मिळते. युरोपातील द्राक्षबागांत हे ते दशक संपायच्या आतच घडले. त्याआधी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या मेटॅलॅक्सिल या औषधाच्या बाबतीतही काही वर्षांतच असाच अनुभव आला होता. याउलट फ्रान्समध्ये १८८५ मध्ये पुढे आलेले मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण आजही काम देते. तांबे पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते आणि इतक्या साऱ्या जागा एकाच बीजाणूत योगायोगाने बदललेल्या सापडणे जवळपास अशक्य असते. जुने ते सोने असे म्हणण्याचा माझा हेतू नाही, कारण तांबे जमिनीत साठत जाते आणि तो वेगळा प्रश्न आहे.

बीटी कापसाभोवती, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या कापसाभोवती, साध्या कापसाच्या ओळी लावण्याचा जो दंडक घालून दिला होता त्यामागेही हाच विचार होता, आणि तो कापूस उत्पादकांना नीट समजावून सांगितला गेला नाही असे माझे मत आहे. त्या ओळी किडीला दान म्हणून नव्हत्या. बीटीच्या शेतात एखादा प्रतिकारक्षम पतंग वाचलाच तर त्याला जोडीदार म्हणून दुसरा प्रतिकारक्षम पतंग न मिळता साध्या कापसावर वाढलेला, बीटीला बळी पडणारा पतंग मिळावा आणि त्यांची संतती पुन्हा बीटीला बळी पडावी, अशी ती योजना होती. म्हणजे किडीच्या स्वतःच्या जातीतील संबंध आपल्या बाजूने वळवून घ्यायचे होते. पुष्कळांनी त्या ओळी लावल्याच नाहीत, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने काय केले ते सर्वांनी पाहिले. आपल्या जिल्ह्याचा अनुभव त्या मानाने सुखद आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातील उसावर लोकरी माव्याने थैमान घातले, पानांच्या खालची बाजू कापूस पिंजून चिकटवल्यासारखी पांढरी झाली आणि वरची काजळीने काळी पडली. तेव्हा त्याला आवरण्यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा वाटा मोठा होता. औषधाचा रेणू कारखान्यातून जसा निघतो तसाच राहतो. मित्रकीटकाला पिल्ले होतात, आणि कीड बदलली तर तोही बदलू शकतो.

येथवर शत्रूंविषयीच लिहिले, म्हणून सजीवांचा एकमेकांवरील प्रभाव म्हणजे केवळ वैर असा समज होऊ नये. कृष्णाकाठच्या आमच्या पलूस तालुक्यात औदुंबर हे दत्तक्षेत्र आहे आणि उंबराची झाडे येथे घराघराशी आहेत. 'उंबराचे फूल' आपण क्वचित दिसणाऱ्या माणसाला म्हणतो, पण प्रत्यक्षात उंबरात फुले शेकड्यांनी असतात, ती फळाच्या आत असतात इतकेच. पिकायला आलेले उंबर फोडून भिंगाखाली धरावे. आतल्या भिंतीवर फुलांची दाट लव दिसते आणि त्यांतून डोळ्यांना जेमतेम दिसणारी केंबरे बाहेर पडू लागतात; ती पाहून आपण फळ टाकून देतो. ती केंबरे म्हणजे उंबराची गांधीलमाशी, तांदळाच्या कणीएवढी. मादी परागकण घेऊन दुसऱ्या कोवळ्या उंबरापाशी येते आणि त्याच्या टोकाशी असलेल्या, खवल्यांनी झाकलेल्या बारीक छिद्रातून आत घुसते. ती वाट इतकी अरुंद असते की पंख आणि मिशांचे तुकडे तेथेच तुटून राहतात. आत ती फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. अंड्यांतून आधी नर निघतात. त्यांना पंख नसतात. माद्या अजून आपापल्या फुलाच्या गाठीत बंद असतानाच नर त्यांच्याशी मीलन करतात, मग फळाची भिंत कुरतडून बाहेरची वाट पाडतात आणि बहुतेक मरून जातात. माद्या पराग घेऊन त्या वाटेने उडतात. उंबर, वड, पिंपळ या वर्गाच्या साडेसातशेहून अधिक जाती जगात आहेत आणि बहुतेकींच्या गांधीलमाश्या आपापल्या ठरलेल्या आहेत. हा संबंध किमान सात कोटी वर्षांचा मानला जातो. ज्या छिद्रातून मादी जाते त्याच्याशी तिच्या डोक्याचा चपटा आकार जुळतो, आणि तो तसा घडला त्याला ना ऊन कारण आहे ना पाऊस.

त्या बंद फळात जातीअंतर्गत व्यवहारही किती सूक्ष्म चालतो हे विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये गणिताने मांडले. एकाच मादीने आत जाऊन अंडी घातली असतील तर आतले सर्व नर एकमेकांचे सख्खे भाऊ असतात. त्यांनी आपसात स्पर्धा करण्यात आईच्या वंशाचा काहीच लाभ नाही, म्हणून अशी मादी मुलगे मोजके आणि मुली पुष्कळ घालते. दोन-चार माद्या एकाच उंबरात शिरल्या तर मुलग्यांची स्पर्धा परक्यांच्या मुलग्यांशी होते, आणि तेव्हा मुलग्यांचे प्रमाण वाढते. पुढे पनामातील उंबरवर्गीय झाडांवरील गांधीलमाश्यांत हे प्रत्यक्ष मोजूनही पाहिले गेले. अर्थात ही भागीदारीही निव्वळ प्रेमाची नाही. पराग न आणता फुकट अंडी घालणाऱ्या माद्या घुसल्या तर या वर्गातील काही झाडे ते फळच गाळून टाकतात. शिवाय बाहेरून लांब सोंडेने फळाला भोसकून आत अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या वेगळ्याच, आणि त्यांना टिपून खाणाऱ्या मुंग्या आणखी वेगळ्या. देवळाच्या पारावर बसून वर पाहणाऱ्याला हे सगळे एका झाडावर पाहता येते. जीवशास्त्राच्या सहलीसाठी विद्यार्थ्यांना लांबच्या संग्रहालयात नेण्याचा अट्टहास शाळा का धरतात, हे मला कळलेले नाही.

सातारकर वाचकांसाठी कारवीचे उदाहरण अधिक जवळचे ठरेल. सह्याद्रीच्या उतारांवरील कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, कासच्या पठारावरची टोपली कारवी सात वर्षांनी. आणि फुलते तेव्हा सगळा डोंगर एकदम निळा-जांभळा होतो, आग्या आणि सातेरी मधमाश्यांची चंगळ होते, महाबळेश्वर भागात कारवीच्या मधाची चर्चा होते. पर्यटक फोटो काढतात, पण सर्व झुडपे नेमक्या एकाच वर्षी का फुलतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. दरवर्षी पाऊस कमी-अधिक होतो, तरी वर्षांची गणना चुकत नाही, म्हणजे खूण पावसाची नव्हे. त्याचे सर्वाधिक मान्य उत्तर बिया खाणाऱ्यांत आणि कारवीच्या स्वतःच्या भाऊबंदांत आहे. सात वर्षे बीच नसल्याने बिया खाणाऱ्या किड्या-उंदरांची संख्या कारवीच्या जिवावर वाढू शकत नाही, आणि आठव्या वर्षी एकदम इतके बी पडते की खाणारे खाऊन थकतात व पुष्कळ शिल्लक राहते. एखादे झुडूप चुकून दोन वर्षे आधी फुलले तर त्याच्याकडे मधमाश्या फारशा फिरकणार नाहीत आणि जे थोडे बी धरेल ते सगळे खाल्ले जाईल. त्याचा वेगळेपणा त्याच्याबरोबरच संपेल. बाकीचे जे करतात तेच करणे हे येथे प्रत्येकाच्या हिताचे ठरते. कासच्या पठाराभोवती घातलेले आणि पुढे काढून टाकलेले जाळीचे कुंपण हाही याच विषयाचा भाग आहे. गुरांची चराई थांबल्याने गवत माजले आणि बुटक्या फुलझाडांना जागा उरली नाही, असे जे स्थानिकांचे म्हणणे होते, ते जीवशास्त्राच्या दृष्टीने पूर्णपणे समजण्यासारखे आहे.

उदाहरणे आणखी पुष्कळ देता येतील. शिराळ्याच्या नागपंचमीची चर्चा आपण कायद्याच्या अंगाने भरपूर करतो. पण नागाच्या विषातील जे द्रव्य स्नायूंवरील ग्राहक-प्रथिनाला चिकटून माणसाचा श्वास थांबवते, ते मुंगसाच्या त्याच प्रथिनाला चिकटू शकत नाही, कारण तेथील रचनाच बदललेली आहे, आणि असाच बदल नागाच्या स्वतःच्या शरीरातही आहे, हे शिराळ्यातल्या शाळेत सांगितले जाते की नाही याची मला शंका आहे. 'पेरते व्हा' म्हणणारा पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडे घालतो तेव्हा त्याचे अंडे सातभाईंच्या अंड्यांसारखेच निळे असते; वेगळ्या रंगाची अंडी ओळखून टाकून देणाऱ्या यजमानांनी तो रंग घडवला. आणि सागरेश्वरच्या अभयारण्यातील चितळ व सांबर नरांची शिंगे, जी दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नव्याने उभारावी लागतात, त्यांचा उपयोग थंडी-वाऱ्याशी किंवा चाऱ्याशी नाही. ती दुसऱ्या नराशी झुंजण्यासाठी आहेत, आणि डार्विनने १८७१ मध्ये या प्रकारच्या निवडीला स्वतंत्र स्थान दिले ते याचसाठी.

महोदय, या सगळ्याच्या आधारे माझी आपल्याला एक नेमकी विनंती आहे. आपल्या कृषी पानावर येणाऱ्या फवारणीच्या सल्ल्यात औषधाच्या नावाबरोबर त्याचा कार्यपद्धतीनुसार ठरलेला गट छापावा. हे गट आंतरराष्ट्रीय पातळीवर क्रमांकांनी ठरलेले आहेत आणि त्यांत गुंतागुंत काही नाही. ॲझॉक्सिस्ट्रोबिन, क्रेसॉक्झिम-मिथाइल, पायराक्लोस्ट्रोबिन आणि ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन ही चारही ११ क्रमांकाच्या गटात येतात. मेटॅलॅक्सिल ४ मध्ये, डायमेथोमॉर्फ आणि मॅन्डीप्रोपॅमिड ४० मध्ये, भुरीवरील हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल आणि मायक्लोब्युटॅनिल ३ मध्ये. तांबे आणि मॅन्कोझेब ही अनेक ठिकाणी घाव घालणारी, म्हणून त्यांच्या क्रमांकाआधी एम हे अक्षर असते. आज होते असे की, दुकानदार एका फवारणीला एक डबा देतो, पुढच्या फवारणीला वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या रंगाचा डबा देतो, आणि आपण औषध बदलले अशी बागायतदाराची समजूत होते. आतला गट तोच असतो. बुरशीच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. उलट पहिल्या फवारणीत वाचलेल्यांची दुसऱ्यांदा निवड होते. गट माहीत असेल तर एका हंगामात एका गटाच्या फवारण्या मोजून ठेवता येतात, एकापाठोपाठ एक तोच गट टाळता येतो आणि एकाच ठिकाणी घाव घालणाऱ्या औषधाबरोबर बोर्डो किंवा मॅन्कोझेबसारखी जोड कोठे द्यायची हे ठरवता येते.

यात एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बीजाणू बांध ओळखत नाहीत. एकाने गट काटेकोर पाळले आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्या बागेने तेच औषध सलग चारदा मारले, तर तेथे औषधाला न जुमानता उरलेली बुरशी पहिल्याच्या पानावर येऊन बसते. म्हणून हा विषय एकेका बागेचा नसून गावाचा आहे, आणि गावातील सर्वांपर्यंत एकाच दिवशी एकच गोष्ट पोहोचवण्याचे काम वर्तमानपत्र जितक्या सहजपणे करू शकते तितके कृषी सहायक, कितीही मनापासून फिरला तरी, करू शकत नाही. सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांनाही हा एक आकडा लिहिण्यास फार तर एक ओळ जास्त लागेल. कीटकनाशकांचेही असेच गट आहेत, त्यामुळे पुढे ऊस, सोयाबीन आणि भाजीपाल्याच्या सल्ल्यातही ही पद्धत चालवता येईल. आपल्या भागातील फळछाटणीचा जोर ऑक्टोबरमध्ये असतो. सप्टेंबर संपायच्या आत केवडा आणि भुरी या दोन रोगांपुरता असा तक्ता एकदा संपूर्ण छापून आला, तर बागायतदार तो कापून औषधांच्या खोलीच्या दाराला चिकटवतील.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक
ता. पलूस, जि. सांगली